सही कुणाची?

जेवणं आटोपल्यावर तिनं फडताळातून स्टीलचा डबा काढला आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. आत नोटा, थोडी चिल्लर, रबर बँड लावलेल्या चार-दोन पावत्या. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ई रोक्क यार्दु?"

आपल्याकडच्या घरांत या वाक्याचं भाषांतर करावं लागत नाही. नवरा माझा जुना विद्यार्थी. वडील मराठी, आई कन्नड, बायको अथणीकडची. सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात तो देखभाल विभागात आहे. गेल्या पावसाळ्यात त्यानं आग्रहानं बोलावलं म्हणून मी वापीला उतरून त्याच्याकडे गेलो होतो. कारण मात्र त्यानं जेवण होईपर्यंत सांगितलं नव्हतं.

"क्लबचे आहेत," तो म्हणाला.

"क्लब अंदरे यारु?" क्लब म्हणजे कोण? तिचा पुढचा प्रश्न. आणि सर, याच्यासाठीच तुम्हाला बोलावलं, असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

क्लब म्हणजे दर रविवारी संध्याकाळी जमणारी आठ-नऊ माणसं. बहुतेक कारखान्यांतली. कुणी सोलापूरचा, कुणी जळगावचा, एक धारवाडचा, एक ओडिशाचा. बंद पडलेले संगणक उघडायचे, एकाची रॅम दुसऱ्यात घालायची, लिनक्स चढवायचं, छोट्या सर्किटांवर दिवे लुकलुकवायचे. सोल्डरिंगच्या वासात दोन तास जातात आणि आठवड्याचा शीण उतरतो. पहिली दोन वर्षं एवढंच होतं. मग कामगारांच्या चाळीतली मुलं दारात येऊन उभी राहू लागली. त्यांच्यामागून जवळच्या पाड्यावरची आली. आता रविवारी मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी, ती या डब्यात.

इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. मग एका कारखान्यानं संगणक बदलायला काढले. बावीस जुने, पण चालू संगणक. तिथल्या हिशेब खात्यातल्या गृहस्थांना या मंडळींचं कौतुक होतं. ते म्हणाले, भंगारात घालण्यापेक्षा तुम्हालाच देतो, पण कागद कुणाच्या नावानं करू? त्याच महिन्यात माझ्या विद्यार्थ्याच्या बदलीचं बोलणं कारखान्यात सुरू झालं. डबा त्याच्या घरात, अवजारं त्याच्या गॅलरीत, जागा त्याच्या ओळखीनं मिळालेली. रविवारच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, संस्था नोंदवून टाकू, ना नफा ना तोटा. दुसरा म्हणे, संस्था झाली की मजा गेली, मग अध्यक्ष कोण यावरून भांडण.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हीच पंचाईत. संस्था नोंदवून नंतर वर्षानुवर्षं खुर्चीसाठी झगडणारी मंडळं कुणी पाहिली नाहीत? आपल्याकडे तर गल्लीत दोन गणपती असले तर त्यामागे बहुधा एका ठरावाची गोष्ट असते. पण दुसऱ्या बाजूचा अनुभव मला स्वतःला आहे, आणि तो मी त्या रात्री पहिल्यांदाच कुणाला सांगितला.

सायबर कॅफेंचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. आम्ही पाच मित्रांनी पैसे घालून दोन संगणक आणि एक प्रिंटर घेतला. ज्याच्या घरी माडीवर मोकळी खोली होती त्याच्याकडे ते ठेवलं. बिल त्याच्या नावाचं, कारण दुकानदारानं कुणाचं तरी एक नाव विचारलं. दीड वर्षानं तो मित्र अपघातात गेला. तेराव्याला आम्ही चौघे त्या घरात बसलो होतो. माडीवरचं यंत्र आमचंही आहे हे त्याच्या वडिलांना कोणत्या तोंडानं सांगणार? सांगितलं नाही. पुढं त्यांनी ते विकलं. त्यांची काही चूक नव्हती, त्यांच्या दृष्टीनं ती मुलाची वस्तू होती. पैशाचं दुःख केव्हाच विरलं. पण त्यानंतर आम्ही चौघे त्या कामासाठी पुन्हा एकत्र बसलो नाही. आमचा क्लब भांडणानं मोडला नाही, कागद नव्हता म्हणून संपला.

हे ऐकल्यावर माझा विद्यार्थी गप्प झाला. त्याच्या बायकोनं डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तसे आम्ही गावात फेरफटका मारायला निघालो. सिल्वासात फिरताना माझ्या मनात वेगळाच एक माणूस होता. सीमाभागातल्या माणसाला या भूमीचं कुतूहल असायला हवं. दादरा हा एक तुकडा, नगर हवेली दुसरा, मध्ये गुजरातची पट्टी, आणि १९५४ पर्यंत दोन्हींवर पोर्तुगिजांचं राज्य. ते उलथवलं ते सैन्यानं नाही, हौशी म्हणाव्यात अशा छोट्या गटांनी. त्यांत आपली माणसं बरीच. विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, नाना काजरेकर, संगीतकार सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे. मोहिमेला पैसा हवा म्हणून लता मंगेशकरांचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि नरोली, २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा.

गंमत पुढं आहे. मुक्त झालेला हा प्रदेश लगेच भारतात आला नाही. सात वर्षं वरिष्ठ पंचायत नावाच्या मंडळानं तिथला कारभार चालवला. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. नागरिक आणि माल नेण्याचा पोर्तुगालचा वाटेचा हक्क न्यायालयानं मान्य केला, सैन्य नेण्याचा नाही, आणि भारतानं काही मोडलं नाही असंही सांगितलं. मग जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीनं भारतात सामील होण्याचा ठराव केला. लोक तयार, दिल्ली तयार. तरी एक अडचण उरलीच. करारावर एका बाजूला पंडित नेहरू सही करणार, दुसऱ्या बाजूला कोण? तेव्हा के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान करण्यात आलं. ११ ऑगस्ट १९६१ पासून, राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनं, हा प्रदेश भारताचा झाला.

एका दिवसाचा पंतप्रधान म्हटलं की आपण हसतो. पण सहीसाठी कुणीतरी असावं लागतं आणि ती सही त्याची एकट्याची नसावी लागते, ही गोष्ट देशाला चुकली नाही तर आठ-नऊ जणांच्या क्लबाला कशी चुकेल? बदलानींच्या सहीनं दादरा-नगर हवेली काही बदलानींच्या मालकीची झाली नाही. माझ्या मित्राच्या नावानं बिल झालं आणि प्रिंटर त्याच्या मालकीचा झाला. फरक एवढाच.

संगणकवाल्यांच्या दुनियेत हा प्रश्न जुनाच आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथं एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबाची पहिली बैठक भरली. स्टीव्ह वॉझनियॅक तिथं आपलं यंत्र दाखवायला आणायचा, त्यातूनच ॲपल उभी राहिली. क्लबाकडे सांभाळायला फारसं काही नव्हतं, बातमीपत्र आणि गप्पा. तो मोकळेपणानं चालला आणि १९८६ च्या डिसेंबरात मोकळेपणानंच थांबला. कुणाचं काही अडकून पडलं नाही.

त्याच १९८६ साली जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबानं मात्र रीतसर संस्था म्हणून नोंदणी केली. १९८१ मध्ये बर्लिनला एका वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या टेबलाभोवती जमलेली ही मंडळी. १९८४ मध्ये त्यांनी टपाल खात्याच्या संगणकसेवेतली भोकं दाखवण्यासाठी हॅम्बुर्गच्या एका बँकेच्या खात्यातून एका रात्रीत एक लाख चौतीस-पस्तीस हजार मार्क वळते केले आणि जाहीरपणे परत दिले. पुढं जर्मनीत संगणक-गुन्ह्यांचे कायदे आले. अशा वेळी चौकशीला कुणीतरी एकटा सापडण्यापेक्षा नाव, घटना, पदाधिकारी असलेली संस्था असणं शहाणपणाचं. ती संस्था आजही आहे.

म्हणजे आपलं काम किती थोर, हा प्रश्नच नाही. क्लबाकडे सांभाळण्यासारखं काय आहे, आणि काही बिनसलं तर जबाब कुणी द्यायचा, हे पाहायचं. सिल्वासाच्या क्लबाकडे बावीस संगणक येऊ घातलेत आणि दर रविवारी दुसऱ्यांची मुलं येतात. विजेच्या वायरी आणि गरम सोल्डर असलेल्या खोलीत. उद्या एखाद्याच्या हाताला चटका बसला तर आईनं कुणाला विचारायचं?

माझा विषय कायदा नाही. पण महाविद्यालयाच्या निमित्तानं संस्थांच्या फायली थोड्याफार चाळल्या आहेत. तीन वाटा असतात. एक विश्वस्त निधी, म्हणजे ट्रस्ट. सुटसुटीत, पण त्यात विश्वस्तच सर्वेसर्वा. क्लबातल्या नव्या पोराला त्यात आवाज नसतो. दुसरी, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालची ना-नफा कंपनी, जुने लोक जिला पंचवीस कलमी म्हणत. ती भरभक्कम, पण दरवर्षीची कागदपत्रं आणि सीएची फी शंभर रुपये वर्गणीवाल्यांना झेपणारी नाही. तिसरी आपल्या ओळखीची सोसायटी.

सोसायटीचा मूळ कायदा १८६० चा, एकविसावा. कर्नाटकात १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात सोसायटी नोंदवली की धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद, आणि पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट. तो वेळेवर न गेल्यानं किती वाचनालयांची खाती गोठली ते आपल्याकडे विचारावं. पण मूळ कायदा एकदा वाचून पाहा, चांगला आहे. किमान सात माणसं हवीत. विज्ञान, कला, उपयुक्त ज्ञानाचा प्रसार, वाचनालय, इतकंच काय यांत्रिक शोध आणि उपकरणांचा संग्रह, या सगळ्यांसाठी संस्था काढता येते. १८६० मध्ये ज्यानं हे लिहिलं त्याला संगणक माहीत नव्हता, पण गॅलरीत उपकरणं जमवणारा माणूस बहुतेक माहीत असावा. (सात म्हटलं की बेळगावकरांना केएलईचे सप्तर्षी आठवतील. १९१६ मध्ये सात जणांनीच ती संस्था काढली होती.)

मला त्यातलं चौदावं कलम सगळ्यात आवडतं. संस्था विसर्जित झाली तर देणी भागवून उरलेलं सभासदांनी वाटून घ्यायचं नाही, दुसऱ्या संस्थेला द्यायचं. ना नफा ना तोटा या शब्दांचा खरा अर्थ तिथं आहे. पैसे उरूच नयेत असा तो अर्थ नाही, नाहीतर अर्ध्या महाराष्ट्राचा तसा समज आहे. शिल्लक राहू शकते, पगारही देता येतो. वाटून घेता येत नाही, एवढंच. डब्यातले पैसे कुणाचे, तर कुणा एकाचे नाहीत आणि सगळ्यांचे मिळूनही नाहीत. ते कामाचे.

इथं क्लबातल्या एका उत्साही तरुणानं मला अडवलं होतं. म्हणाला, सर, संस्था काढली की सीएसआर मिळेल, इथं एवढे कारखाने आहेत. मी त्याला जरा थंड पाणी घातलं. मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे हा नियम आहे हे खरं. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ज्यांना १२ए आणि ८०जी म्हणत त्या नोंदण्या लागतात, २०२१ पासून सीएसआर-१ नावाचा अर्ज भरून वेगळी नोंद लागते, आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. आज नोंदवलेल्या क्लबाला उद्या कुणी लाखाचा चेक देत नाही. पैशासाठी संस्था काढणार असाल तर काढूच नका, असं मी स्पष्ट सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण मला ते सांगणं भाग होतं. कारण पैशाच्या आशेनं जमलेले सातजण पैसा आला नाही की पांगतात, आणि आला तर भांडतात.

आपल्या वाचकांना जवळचं उदाहरण म्हणजे बरह आणि नुडी. दोन्ही कन्नड टंकनाची साधनं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लग्नपत्रिकेची कन्नड बाजू त्यावरच केली असेल. बरह हे शेषाद्रिवासू यांचं, एका माणसाच्या हौसेतून १९९८ मध्ये आलेलं. अनेक वर्षं फुकट मिळालं, त्यात मराठीही लिहिता येई. पुढच्या आवृत्त्यांना त्यांनी किंमत लावली. तो त्यांचा हक्कच, वस्तू त्यांची होती. नुडी कन्नड गणक परिषद या स्वयंसेवी संस्थेनं केलं आणि कर्नाटक सरकारनं ते कचेऱ्यांतून वापरायला घेतलं. सरकारला करार करायला समोर संस्था असावी लागते, एखाद्याच्या हौसेशी करार करता येत नाही. दोघांनीही कन्नडचं भलंच केलं. पण एक वस्तू माणसाबरोबर राहिली, दुसरी परिषदेबरोबर.

आणि आणखी एक वाट आहे, जिचा नोंदणी-नोंदणी करणाऱ्यांना विसर पडतो. दुसऱ्याचं छत्र घ्यायचं. पुण्यातल्या लिनक्सप्रेमींच्या गटाचं ग्नुनिफाय हे संमेलन सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरायचं. सभागृह, वीज, पंखे महाविद्यालयाचे, जीव हौशी मंडळींचा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनच्या जगभरच्या स्वयंसेवकांसाठी १९९७ मध्ये अमेरिकेत एक छोटी ना-नफा संस्था निघाली. देणग्या आणि नाव ती सांभाळते, आणि पुढं इतर गटांनीही तिचंच छत्र घेतलं. प्रत्येक गटानं आपापली संस्था काढण्याची गरज पडली नाही.

रविवारी संध्याकाळी बैठक झाली. बाहेर धो धो पाऊस, आत दहा-बारा मोठे आणि दाराशी चपलांचा ढीग, मुलांना आज लवकर घरी जा म्हटलं तरी ती गेली नव्हती. मला बोलायला सांगितलं. मी फार बोललो नाही. दोनच गोष्टी मांडल्या. या वर्षीचे बावीस संगणक जवळच्या शाळेच्या नावानं घ्या, देखभाल तुमची, तसं एका कागदावर लिहून घ्या. आणि वर्षभरात सोसायटी नोंदवा, पण रविवारची संध्याकाळ त्या सोसायटीच्या नियमावलीत बसवू नका. येणाऱ्याला सभासद व्हावं लागू नये, हजेरी नसावी, अध्यक्षांचं भाषण नसावं.

मजा जाईल म्हणणाऱ्या तटातला धारवाडचा गृहस्थ म्हणाला, सर, मिनिट्स कोण लिहिणार? हा खरा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तोच लिहील असं ठरलं, कारण अक्षर त्याचं बरं आहे.

मग नावं काढायला घेतली. सहा झटकन झाली. सहाही जण कारखान्यातले, चौघे तर एकाच कारखान्यातले. माझ्या विद्यार्थ्याची बायको आत चहा करत होती. तिथूनच तिनं विचारलं, "बदल्यांचा हंगाम आला की ही सगळी जाणार. मग?" आम्ही सगळे शिकलेले पुरुष, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनंच नाव सुचवलं. पाड्याच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणारी बाई. तिचा मुलगा दर रविवारी येतो आणि तिच्या उधारीच्या वहीत एक पैसा चुकत नाही. तिची भाषा कोकणा, आपल्या मराठीला बरीच जवळची. एका मुलाला छत्री देऊन पिटाळलं. बाई आली, सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले. माझ्या दुकानाला काही लागू होणार नाही ना, आणि मुलींना पण शिकवणार ना. मग खजिनदार व्हायला तयार झाली. माझ्या विद्यार्थ्याचं नाव सातांत घेतलं नाही. त्याला थोडं लागलं असावं, पण त्यानंच आपल्या जागी ओडिशाच्या मित्राचं नाव सुचवलं होतं.

बँकेत खातं नोंदणीनंतरच उघडणार, तोवर वही आणि दोन सह्या. बाईनं तिथंच खाली बसून पैसे मोजले. अकरा हजार तीनशे चाळीस. वहीत लिहिलं, सही केली, दुसरी सही धारवाडकरानं केली. पैसे तिनं रुमालात बांधले आणि डबा परत दिला. माझ्या विद्यार्थ्याची बायको म्हणाली, बरं झालं, तो माझ्या आईनं दिलेला आहे.